जुना प्रिंटर, नवा संगणक आणि चार प्रतींची पट्टी

पाडव्याच्या मुहूर्तावर आमच्या आडत दुकानात नवा संगणक आला. वहीपूजनाच्या पाटावर चोपड्यांच्या शेजारी त्यालाही कुंकवाचे बोट लागले. जुन्या संगणकावरील विंडोज १० ला मिळणारा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला होता. बँकेचे व्यवहार आणि कराची विवरणपत्रे ज्या यंत्रावरून जातात ते असे उघडे ठेवणे बरे नव्हे, असे पुतण्याचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते.

सणानंतर बाजार उघडला. लातूरच्या बाजारात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक काय असते, हे या व्यापारातील वाचकांना सांगायला नको. पहाटेपासून वाहने लागलेली, सौदे झालेले, काटे सुरू झालेले. पहिली हिशोबपट्टी काढायची वेळ आली तेव्हा दिवाणजींनी जुन्या प्रिंटरची केबल हातात घेतली. नव्या संगणकाच्या मागची बाजू त्यांनी दोनदा चाचपून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, ही लावायला जागाच नाही."

खरेच नव्हती. अंगठ्याएवढी रुंद, दोन्ही कडांना स्क्रू असलेली ती जुनी केबल. आणि समोर नखाएवढ्या चपट्या खाचा. पट्टीसाठी शेतकरी ओट्यावर बसलेले. त्या दिवशी दिवाणजींनी छापील कोऱ्या पट्ट्या काढून हाताने लिहायला घेतल्या. वयाच्या सत्तरीकडे झुकलेला तो हात दिवे लागणीपर्यंत चालत होता.

ज्यांनी संगणक दिला त्यांना दूरध्वनी केला. उत्तर तयार होते : "हा प्रिंटर आता चालणार नाही, नवा लेझर घ्या." किंमत पंधरा हजारांच्या घरात. पुतण्याही म्हणाला, "काका, आता याला निरोप देऊ या. किती दिवस ही करकर ऐकायची?"

पैशाचा प्रश्न होता, पण तेवढाच नव्हता. आमच्या पट्टीच्या चार प्रती निघतात : एक शेतकऱ्याला, एक खरेदीदाराला, एक बाजार समितीसाठी, एक दुकानाच्या दप्तराला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या टोकाला बारीक सुया असतात. त्या शाईच्या फितीवर आघात करतात आणि तोच आघात खालच्या थरांतील कागदांवर उमटतो. लेझरमध्ये आघात नसतो. तिथे चार प्रती म्हणजे चार स्वतंत्र छपाया. हंगामात दिवसाला सव्वाशे पट्ट्या निघाल्या तर पाचशे कागद, आणि ते जुळवून टाचण्याचे काम निराळे. परंतु मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट दुसरीच होती. एका आघातात उमटलेल्या चार प्रतींत फरक असूच शकत नाही. वजनाचा आकडा शेतकऱ्याच्या हातात जो, तोच आमच्या दप्तरात. उद्या वाद झाला तर चारही कागद एकच बोलतात. आडत दुकानाची पत अशाच गोष्टींवर उभी असते.

म्हणून पुतण्याला म्हटले, "आठ दिवस दे. नाही जमले तर तू म्हणशील तो घेऊ." त्या आठ दिवसांत आम्ही दोघांनी जे शिकून घेतले, ते या सदरात सविस्तर लिहितो; कारण अनेक दुकानांत हाच प्रसंग आज ना उद्या येणार आहे.

अडचण एक नसते, तीन असतात

आमची पहिली चूक ही की 'प्रिंटर चालत नाही' एवढेच आम्ही म्हणत होतो. प्रिंटर तर उत्तम चालत होता. स्वतःचे चाचणीपान तो न अडता छापत होता. (बहुतेक डॉट मॅट्रिक्स यंत्रांत कागद पुढे सरकवण्याचे बटण दाबून धरून वीज चालू केली की हे पान निघते. यासाठी संगणकाची गरज नसते. वाचकांनी ही परीक्षा सर्वांत आधी करावी.) बिघाड होता तो मधल्या दुव्यांत. असे दुवे तीन : केबल, ड्रायव्हर आणि हिशोबाच्या प्रणालीतील छपाईची मांडणी. तिन्ही वेगळे तपासले तर गुंता सुटतो. एकदम ओढले तर गाठ घट्ट होते.

पहिला दुवा : केबल

जुन्या प्रिंटरच्या पाठीशी जी रुंद खाच असते तिला ३६ टोके असतात. अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स या कंपनीने १९७० मध्ये आपला प्रिंटर आणला, त्यासोबत ही जोडणी आली आणि तिचेच नाव त्या खाचेला चिकटले. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला, त्याच्या बाजूला २५ छिद्रांची खाच होती. एका टोकाला २५ आणि दुसऱ्या टोकाला ३६, ही ती सर्वपरिचित 'पॅरलल' केबल. एका अक्षराचे आठ अंश आठ तारांतून एकाच वेळी जातात, म्हणून पॅरलल. १९९४ मध्ये या पद्धतीला आयईईई १२८४ हे प्रमाणित रूप मिळाले आणि लगेच १९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती आली. पुढे हळूहळू संगणकावरून ती रुंद खाच नाहीशी झाली.

सुदैवाने दोहोंना जोडणारी यूएसबी ते पॅरलल केबल बाजारात काही शे रुपयांत मिळते. तिच्या मधल्या जाड भागात एक छोटी चिप असते, ती यूएसबीची भाषा पॅरललमध्ये वळवते. घेताना मात्र नीट पाहून घ्यावे. आम्ही घाईत पहिल्यांदा जी आणली तिला नऊ टोके होती. ती सीरियल जोडणीची, म्हणजे निराळ्याच कामाची. आपल्या प्रिंटरला पॅरलल खाच असेल तर केबलचे एक टोक यूएसबी आणि दुसरे थेट ३६ टोकांचे असावे. ते प्रिंटरच्या दोन्ही बाजूंच्या तारेच्या कड्यांत घट्ट बसते. आणखी एक पथ्य : पॅरलल केबल लावताना व काढताना प्रिंटरची वीज बंद ठेवावी. यूएसबीची सवय झालेल्या हाताला याचा विसर पडतो.

केबल योग्य आहे हे कसे ओळखावे? ती लावल्यावर संगणकाच्या 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये यूएसबीच्या यादीत 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' अशी ओळ दिसते. ती दिसली म्हणजे पहिला दुवा जोडला गेला. इथे प्रिंटरचे नाव दिसेलच असे नाही. त्याची काळजी करू नये.

दुसरा दुवा : ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. संगणकाचे म्हणणे तो प्रिंटरला समजेल अशा आज्ञांत सांगतो. जुन्या प्रिंटरची सीडी कपाटात असली तरी ती आता कामाची असेलच असे नाही. बऱ्याच जुन्या सीडींवरील ड्रायव्हर ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेले आहेत आणि विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांतच मिळते. ३२ बिटांचा प्रिंटर-ड्रायव्हर तिथे बसत नाही. आमची सीडी दोनदा फिरली आणि दोनदा गप्प बसली, त्याचे कारण हेच होते.

परंतु डॉट मॅट्रिक्सचे एक भाग्य आहे. एप्सन कंपनीने १९८० च्या सुमारास आपल्या प्रिंटरसाठी जी आज्ञावली रचली, ती ईएससी/पी या नावाने रूढ झाली आणि इतर अनेक कंपन्यांनीही तीच उचलली. त्यामुळे अमुकच ड्रायव्हर हवा असे बंधन राहत नाही. शिवाय साधी अक्षरे पाठवली तर हे प्रिंटर ती दुभाष्याशिवायही छापतात. विंडोज ११ मध्ये यासाठीच 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' नावाचा ड्रायव्हर आधीपासून असतो.

तो बसवण्याची रीत अशी : सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यात 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' आणि तिथे 'ॲड डिव्हाइस'. संगणक काही वेळ शोधत बसतो. त्याला काही सापडणार नाही, पण धीर धरावा. थोड्या वेळाने 'ॲड मॅन्युअली' असा पर्याय उमटतो. त्यातून स्थानिक प्रिंटर हाताने जोडण्याचा पर्याय घ्यावा, 'यूज ॲन एक्झिस्टिंग पोर्ट' निवडावे आणि यादीतून 'यूएसबी ००१' घ्यावे. इथेच बहुतेकांचे चुकते : जुन्या सवयीने 'एलपीटी १' निवडले जाते, आणि आज्ञा अस्तित्वात नसलेल्या खाचेकडे जाऊन पडते. पुढच्या पडद्यावर कंपनीच्या जागी 'जेनेरिक' आणि प्रिंटरच्या जागी 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली'. संपले.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी ती ओळखीची करकर पुन्हा ऐकू आली. दिवाणजींनी चष्मा वर करून पाहिले. बोलले काही नाहीत.

तिसरा दुवा : मांडणी

आनंद एक पट्टी टिकला. कागदावर आकडे सुरेख होते, पण शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होती. कारण उघड आहे. अक्षरपद्धतीत प्रिंटर स्वतःच्या पोटातील साच्यांनी अक्षरे छापतो आणि आमच्या प्रिंटरच्या पोटात देवनागरीचे साचे नाहीत. जुन्या संगणकावर नाव मराठीत येत असे, कारण तिथे प्रत्येक पट्टी चित्र म्हणून काढली जात होती.

मग चित्रपद्धतीचा ड्रायव्हर शोधला. वर सांगितलेल्याच वाटेने, ड्रायव्हरच्या यादीपाशी 'विंडोज अपडेट' हे बटण दाबले की थोड्या वेळाने यादी वाढते. त्यात नऊ सुयांच्या व चोवीस सुयांच्या प्रिंटरसाठीचे सर्वसाधारण ड्रायव्हर मिळतात. आपल्या यंत्रात किती सुया आहेत हे माहितीपुस्तिकेत पाहून त्या घराण्यातील ड्रायव्हर निवडावा. आम्ही तसे केले. नाव मराठीत उमटले, पण दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली कागदाची. आमचा सलग कागद १२ इंच लांबीचा. संगणकाने मात्र ए-४ गृहीत धरले होते, म्हणजे २९.७ सेंटिमीटर किंवा सुमारे ११.७ इंच. दर पट्टीला मजकूर पाव इंचाहून थोडा अधिक वर सरके. चौथ्या पट्टीपर्यंत एकूण रकमेची ओळ चौकटीबाहेर गेली. यावर उपाय सोपा : 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मध्ये 'क्रिएट अ न्यू फॉर्म' करून आपल्या कागदाची रुंदी व लांबी एकदाच नोंदवावी आणि ड्रायव्हरमध्ये तोच आकार निवडावा. कागद मोजपट्टीने मोजावा, अंदाजाने नव्हे.

दुसरी अडचण वेळेची. चित्रपद्धतीत सुया प्रत्येक ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरतात. जी पट्टी अक्षरपद्धतीत पंधरा-वीस सेकंदांत निघते तिला सव्वा मिनिट लागू लागले. दुपारी काट्यावर गर्दी असताना सव्वा मिनिट फार मोठे असते.

इथे पुतण्या आणि मी दोघेही अडलो. तो म्हणे, नाव इंग्रजी अक्षरांत छापू. मोबाइल सर्वांना वाचता येतो. मी म्हणे, ज्याचे धान्य त्याला स्वतःचे नाव वाचता आले पाहिजे. वाद थोडा चढला. तेव्हा इतका वेळ ऐकत बसलेले दिवाणजी म्हणाले, "शेठ, मथळे तर कागदावर मराठीत छापूनच येतात. आकडे यंत्राला काढू द्या. नाव आणि गाव मी पेनाने लिहितो. वरच्या प्रतीवर जरा दाबून लिहिले की चारही प्रतींवर उतरते."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. गाव, वाण, वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम हे सारे शब्द मुद्रणालयातून मराठीत छापून येतात. प्रणालीने केवळ रिकाम्या जागी आकडे टाकायचे. नावाच्या जागेसाठी एक ओळ मोकळी सोडली. यंत्राचे वीस सेकंद आणि दिवाणजींचे पाच. शिवाय नाव लिहिताना ते समोरच्याला विचारून लिहितात, त्यामुळे चुकीच्या माणसाच्या हाती पट्टी जाण्याचा प्रश्नच राहिला नाही.

जे वाचक टॅली वापरतात त्यांच्यासाठी एक सूचना : तिच्या छपाईत 'नीट', 'डॉट मॅट्रिक्स' आणि 'क्विक किंवा ड्राफ्ट' असे प्रकार निवडता येतात. प्रिंटर अकारण मंद वाटत असेल तर आधी ही निवड तपासावी. आणि ज्यांची हिशोबाची प्रणाली डॉसच्या काळातील आहे त्यांनी नवा संगणक घेण्यापूर्वीच सावध व्हावे. १६ बिटांचे असे कार्यक्रम ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाहीत. तिथे प्रश्न प्रिंटरचा नसून प्रणालीचा असतो.

एक फसगत आणि तिचा बोध

सातव्या दिवशी सकाळी प्रिंटर पुन्हा मुका झाला. पडद्यावर त्रुटी नाही, पट्ट्या रांगेत जमा होत आहेत, कागद मात्र हलत नाही. तासाभराने उलगडा झाला. झाडलोट करताना केबल निघाली होती आणि ती कुणीतरी शेजारच्या खाचेत लावली होती. खाच बदलली की विंडोज तिला 'यूएसबी ००२' असे नवे नाव देऊ शकते. आमचा प्रिंटर ००१ ची वाट पाहत बसला होता. केबल मूळ जागी लावताच सारे सुरळीत झाले. त्याच दिवशी पुतण्याने त्या खाचेवर लाल कागद चिकटवला.

जुना लेझर असेल तर

काही वाचकांकडे डॉट मॅट्रिक्स नसेल, पण दहा-पंधरा वर्षांचा लेझर प्रिंटर असेल. त्याला यूएसबी असते, म्हणून केबलचा प्रश्न नसतो; प्रश्न ड्रायव्हरचा. तिथे आधी पाहावे की प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या सर्वमान्य भाषा येतात का. येत असतील तर त्या भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर चालून जातो. परंतु स्वस्तातील बऱ्याच लेझर प्रिंटरमध्ये स्वतःची बुद्धी जवळपास नसते. पान रचण्याचे सारे काम संगणकच करतो. त्यांना नेमका त्यांचाच ६४ बिटांचा ड्रायव्हर लागतो. तो निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर मोफत' म्हणणाऱ्या अनोळखी ठिकाणांहून काहीही उतरवू नये. पेढीच्या बँक-व्यवहारांचे संगणक तेच असतात.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केले आहे की निर्मात्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरऐवजी ती टप्प्याटप्प्याने सामायिक पद्धतीकडे जाणार आहे. म्हणून आज चालणारा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर जपून ठेवणे हे शहाणपणाचे. आणि ड्रायव्हर मुळीच मिळत नसेल तर जुना संगणक केवळ छपाईसाठी ठेवण्याची तोड अनेकजण काढतात. तसे करायचे तर त्याला इंटरनेटपासून तोडावे आणि त्यावर बँकेचे काम कदापि करू नये.

कुठे थांबावे

जुने ते सारे जपावे, असे मी म्हणणार नाही. आमच्या खरेदीदारांना द्यायची विक्री-बिले आता त्या प्रिंटरवर निघत नाहीत. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-बिल बंधनकारक झाले. त्यावरील चौकोनी क्यूआर कोड अक्षरपद्धतीत छापता येत नाही, आणि फीत फिकट असताना चित्रपद्धतीत छापला तरी मोबाइलला तो वाचता येईलच याची खात्री नसते. त्यासाठी लेझर घ्यावाच लागला. पुतण्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे ठरले आणि मी ते मान्य केले. सुया झिजून अक्षरांत पांढरी रेघ दिसू लागली, किंवा फीत मिळणे दुरापास्त झाले, की पट्टीसाठीही नवा डॉट मॅट्रिक्स घेऊ. तो आजही यूएसबीसह मिळतो.

तूर्त दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी आहेत. बिले लेझरवर, पट्ट्या जुन्यावर. प्रिंटरच्या झाकणाच्या आत पुतण्याने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे : पोर्ट यूएसबी ००१, ड्रायव्हर जेनेरिक, कागद १२ इंच, लाल खाच सोडू नये. त्याखाली दुसऱ्या दिवशी एक ओळ वाढलेली दिसली. हस्ताक्षर दिवाणजींचे होते : 'नाव विचारून लिहावे.'